मुलाला मार बसतोय, घर होरपळतंय: मदत कुणाकडे आणि कशी मागाल?

"शेजारच्या घरातून रोज रात्री मुलाच्या रडण्याचा आवाज येतो. आपण मध्ये पडावं की नको?"

"वर्गातल्या मुलाच्या दंडावर वळ दिसले. कळवलं तर सरकार मूल उचलून नेईल का?"

"माझाच हात उठतो हो. मग रात्रभर झोप लागत नाही. हे कुणाला सांगू?"

पालकसभा असो, शिक्षकांचं प्रशिक्षण असो की वाचकांची पत्रं, हे तीन प्रश्न मला सतत भेटतात. तिन्हींच्या मुळाशी एकच भीती आहे. तोंड उघडलं तर घर मोडेल, असं सगळ्यांना वाटतं. म्हणून शेजारी खिडकी लावून घेतात, शिक्षक 'अजून थोडं बघू' म्हणतात आणि आई-वडील स्वतःशीच कुढत राहतात. माझा अनुभव याच्या उलट आहे. मदत लवकर पोचली तर बहुतेक घरं सावरतात. उशीर झाला तर मात्र कठोर उपायांशिवाय काही उरत नाही. म्हणून हा लेख. तुम्ही शेजारी असा, शिक्षक असा, आजी-आजोबा असा की स्वतः आई-वडील, तुमच्यापुढचा पहिला मार्ग कोणता, ते इथे पाहू.

आधी एवढं लक्षात घ्या

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये बालछळाविषयी मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्र आणि गोव्यासह १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी त्यासाठी बोलणं झालं होतं. दर तीनपैकी दोन मुलांनी शारीरिक मार सोसल्याचं सांगितलं. घरात मार खाणाऱ्या मुलांपैकी ८८.६ टक्के मुलांना तो आई-वडिलांकडूनच बसला होता. निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं, आणि त्यात मुलग्यांचं प्रमाण मुलींपेक्षा कमी नव्हतं. तेव्हा 'आपल्यात असं होत नाही' हा समज सोडून द्या.

दुसरी बाब दिलासा देणारी आहे. अमेरिकेत एल्मायरा या गावी १९७७ पासून गरीब किंवा कमी वयाच्या गरोदर स्त्रियांच्या घरी परिचारिका नियमित जाऊ लागल्या. बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत त्या येत, बाळाविषयी बोलत, आईचंही ऐकून घेत. पंधरा वर्षांनी पाहिलं, तर या घरांतल्या बालछळाच्या नोंदी इतर घरांच्या जवळपास निम्म्याच होत्या. दाराशी येणारं एक विश्वासाचं माणूस एवढा फरक पाडतं. आपल्याकडे आशाताई आणि अंगणवाडी सेविका घरोघरी जातातच. त्यांची आठवण वेळेवर ठेवणं आपल्या हातात आहे.

शिस्त कुठे संपते, छळ कुठे सुरू होतो?

मुलाचं नुकसान चार प्रकारे होतं:

- मार: थपडा, पट्टा, लाटणं, चटके, खोलीत कोंडणं, बाळाला गदागदा हलवणं.
- शब्दांचा मार: 'तू मेलास तर बरं' असं रोजचं बोलणं, सोडून जाण्याची धमकी, चारचौघांत सतत अपमान.
- आबाळ: ऐपत असूनही जेवण, औषधपाणी, शाळा किंवा देखरेख न देणं.
- लैंगिक अत्याचार: नको तिथे स्पर्श, अश्लील चित्रफिती दाखवणं, मुलाचे तसे फोटो काढणं, याहून गंभीर कृत्यं.

आई मार खात असेल तर तेही या यादीत धरा. बाबांचा आवाज चढला की पलंगाखाली शिरणाऱ्या मुलाला स्वतःला एकही थप्पड बसलेली नसते, तरी त्याचं नुकसान होतच असतं.

अंगावरच्या खुणा कशा ओळखाल?

धडपडणाऱ्या मुलाला गुडघा, नडगी, कोपर, कपाळ इथे लागतं. पुढील गोष्टी दिसल्या तर मात्र थांबून पाहा:

- अजून रांगूही न लागलेल्या बाळाच्या अंगावर काळंनिळं. जे बाळ हलत नाही, ते स्वतःला लावून घेऊ शकत नाही.
- चार वर्षांखालच्या मुलाच्या कानावर, मानेवर, छाती-पोटावर किंवा पाठीवर वळ.
- वस्तूचा आकार उमटलेली खूण: पट्ट्याचे समांतर वळ, उलथन्याचा किंवा विडीचा चटका, दातांचे ठसे.
- 'पडला' एवढंच उत्तर, आणि दर वेळी पडण्याची हकिगत वेगळी.
- मोठी दुखापत होऊनही दोन-तीन दिवस दवाखान्यात न नेणं.
- घरी जायची टाळाटाळ, पोळी दप्तरात लपवून ठेवणं, सुटलेली अंथरूण ओलं करण्याची सवय परत लागणं, कुणी हात वर केला की डोकं झाकून घेणं.

दोन गोष्टींत घाई करू नका. आपल्याकडच्या पुष्कळ बाळांच्या कमरेवर आणि ढुंगणावर जन्मतःच निळसर-करडे डाग असतात. ते माराचे नसतात आणि वाढत्या वयात फिके होत जातात. शंका आली तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. दुसरं, पोट फुगलं म्हणून बाळाला डागणं किंवा बिब्बा घालणं हे काही घरांत उपचार म्हणून होतं. मागे दुष्टावा नसला तरी बाळ भाजतंच. अशा वेळी आधी दवाखाना, मग आशाताईंकरवी घरच्यांची समजूत, हा क्रम ठेवा.

एका खुणेवरून निष्कर्ष काढू नका. मात्र 'पक्का पुरावा मिळू दे, मग बोलू' असंही म्हणू नका. पुरावा शोधणं हे यंत्रणेचं काम आहे. रास्त शंका कळवणं एवढंच तुमचं.

गरिबी आणि हेळसांड यांत गल्लत नको

ऊसतोडीला निघालेल्या जोडप्याचं मूल फडाशेजारी पाचटात झोपतं, शाळा बुडते, मोठी बहीण धाकट्याला सांभाळते. त्या आई-वडिलांना दोष देऊन काही साधत नाही. तिथे गरज असते हंगामी वसतिगृहाची, कारखान्याजवळच्या अंगणवाडीची आणि शाळेची. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी राज्याची संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे, ती अशाच घरांसाठी.

स्वतःला एकच प्रश्न विचारा: या घराकडे साधन असतं, तर मुलाची आबाळ झाली असती का? उत्तर 'नाही' असेल तर योजना आणि आधार शोधा. उत्तर 'हो' असेल, किंवा मूल धोक्यात असेल, तर पुढच्या पायऱ्या धरा.

तुम्ही शेजारी, नातेवाईक किंवा शिक्षक असाल तर

1. धोका आत्ता, या क्षणी आहे का, ते पाहा. मारहाण चालू असेल, हत्यार असेल, मूल जखमी असेल तर ११२ वर फोन करा. एकट्याने आत घुसू नका. दोघे-तिघे मिळून दार वाजवा. नुसत्या दार वाजण्यानेही पुष्कळदा हात थांबतो.
2. जे पाहिलं-ऐकलं ते लिहून ठेवा. तारीख, वेळ आणि तुमच्या डोळ्यांनी-कानांनी टिपलेलं तेवढंच. 'बाप राक्षस आहे' ही नोंद नव्हे. '१४ तारखेला रात्री साडेदहाला मुलगा ओरडत होता, दुसऱ्या दिवशी डाव्या कानामागे काळंनिळं दिसलं' ही नोंद.
3. तातडीचा धोका नसेल तर घराच्या जवळ जा. 'मुलाला का मारता?' असं विचारलंत की दार बंद होतं. त्याऐवजी म्हणा, 'वहिनी, फार दमलेल्या दिसता. तासभर बाळाला मी बघते, तुम्ही पडा जरा.'
4. तिसऱ्या माणसाला जोडा. अंगणवाडी सेविका, आशाताई, वर्गशिक्षक. गावात ग्राम बाल संरक्षण समिती असते, शाळेत सखी सावित्री समिती.
5. थांबत नसेल, वाढत असेल तर १०९८ या मुलांच्या मदतक्रमांकावर फोन करा. हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो.

या वेळी तिसरी पायरी गाळा आणि थेट फोन करा: बाळ एक वर्षाच्या आतलं आहे, डोक्याला मार किंवा भाजल्याची खूण आहे, मुलाला कोंडून किंवा उपाशी ठेवलं आहे, आईलाही मारहाण होते, किंवा लैंगिक अत्याचाराची शंका आहे. अशा घरात तुम्ही 'समजवायला' गेलात तर तुम्ही निघून आल्यावर मुलालाच त्याची शिक्षा मिळण्याचा धोका असतो.

मुलाने तुम्हाला सांगितलं तर

मूल बरेच दिवस माणूस पारखत असतं, मग एका वाक्यात सांगून टाकतं. पुढची दहा मिनिटं फार मोलाची असतात.

हे करा:

- हातातलं काम बाजूला ठेवा, मुलाच्या उंचीवर बसा आणि शांतपणे ऐका.
- म्हणा, 'तू सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी काही चूक नाही.'
- त्याचे शब्द जसेच्या तसे त्याच दिवशी लिहून ठेवा.
- पुढे काय करणार, ते त्याला कळेल अशा भाषेत सांगा.

हे टाळा:

- 'कुणाला सांगणार नाही' असं वचन. ते तुम्हाला पाळता येणार नाही आणि मुलाचा विश्वास दुसऱ्यांदा तुटेल.
- 'त्याने असं असं केलं का?' असे उत्तर सुचवणारे प्रश्न. 'मग काय झालं?' एवढं पुरे.
- चार जणांपुढे पुन्हा पुन्हा वदवून घेणं.
- ज्याच्यावर आरोप आहे त्याला बोलावून समोरासमोर करणं.
- लैंगिक अत्याचार नुकताच झाला असेल तर अंघोळ घालणं, कपडे धुणं. कपडे कागदी पिशवीत ठेवा आणि मुलाला थेट दवाखान्यात न्या.

लैंगिक अत्याचार असेल तर: इथे निवड नाही, कर्तव्य आहे

बालकांचे लैंगिक अत्याचारापासून संरक्षण करणारा कायदा, म्हणजे 'पॉक्सो', १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. १८ वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला तो संरक्षण देतो. हे नियम पाठ ठेवा:

- असा गुन्हा घडल्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला देणं बंधनकारक आहे. न देणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड.
- चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर त्याबद्दल दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही.
- मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा जागी घ्यायचा असतो, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने. त्या वेळी पोलीस गणवेशात नसावेत. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही.
- मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनेच करायची, आई-वडील किंवा मुलाच्या विश्वासातलं माणूस जवळ असताना.
- 'आधी पोलिसांचं पत्र आणा' असं म्हणून दवाखान्याला तातडीचे उपचार अडवता येत नाहीत.
- पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला कळवायचं असतं. समिती मुलाच्या सोबतीला साहाय्यक व्यक्ती देऊ शकते. ती व्यक्ती जबाबापासून निकालापर्यंत कुटुंबाबरोबर राहते. ही सोबत मागून घ्या, पुष्कळ घरांना ती असते हेच माहीत नसतं.

'शाळेची बदनामी होईल', 'मुलीचं लग्न ठरायचंय', 'घरातल्या घरात मिटवू' हे सल्ले तुम्हालाही मिळतील. मिटवण्याचा अधिकार कुणालाही नाही. मिटवल्याने तो माणूस थांबत नाही, त्याला फक्त पुढचं मूल सापडतं.

१०९८ वर फोन केला की काय होतं?

या सेवेची सुरुवात १९९६ मध्ये मुंबईत झाली. आता ती सरकारच्या 'मिशन वात्सल्य'खाली चालते आणि ११२ शी जोडलेली आहे. फोन करताना मुलाचं अंदाजे वय, पत्ता किंवा ओळखीची खूण, काय पाहिलं आणि धोका किती तातडीचा, एवढं सांगा. 'माझं नाव गुप्त ठेवा' असंही स्पष्ट सांगा.

पुढची साखळी साधारण अशी असते:

- जिल्हा बाल संरक्षण कक्षाचे लोक मुलाला आणि घराला भेटतात. गरज पडली तर पोलीस ठाण्यातल्या बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याला बरोबर घेतात.
- धोका मोठा असेल तर मुलाला २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे नेतात. प्रवासाचा वेळ त्यात धरत नाहीत. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांत किमान एक महिला.
- समिती घराची सामाजिक चौकशी करवते. मुलाचं म्हणणं ऐकते, आई-वडिलांचंही ऐकते.
- मग निर्णय होतो: देखरेखीखाली घरीच ठेवणं, आजी-मावशीकडे देणं, घराला अर्थसाहाय्य देणं, समुपदेशन, किंवा काही काळ बालगृह.

२०१५ चा बालन्याय कायदा सांगतो की मुलाचं पहिलं घर त्याचं कुटुंब, आणि संस्था हा शेवटचा उपाय. तेव्हा फोन केला की मूल गेलंच, हा समज चुकीचा आहे.

याच कायद्याच्या कलम ७५ प्रमाणे मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने क्रूरपणे वागवलं किंवा जाणूनबुजून हेळसांड केली, तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मूल ज्यांच्या ताब्यात असतं त्यांत आई-वडीलही आले. शाळेत मार देणं आणि मानसिक छळ करणं यांवर शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे. त्यासाठी आधी मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती, मग गटशिक्षणाधिकारी आणि राज्य बाल हक्क संरक्षण आयोग, या क्रमाने लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

तुमचाच हात उठत असेल तर

एका घरात गेले होते, ते अजून डोळ्यांपुढे आहे. दहा बाय दहाची खोली, स्टोव्हवर दूध, मांडीवर सहा महिन्यांची मुलगी. दुसरीतला मुलगा ऐन एप्रिलमध्ये पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून शाळेत आला, म्हणून शिक्षिकेने कळवलं होतं. नवऱ्याची ड्रायव्हरची नोकरी सुटलेली. आईने दूध उतरवलं, सांडशी हातातच धरून म्हणाली, "याचं रडणं, तिचं रडणं, दारात घरमालक. मग जे हातात येतं ते उचललं जातं हो." तिच्या अंगावरही वळ होते. त्यांच्याबद्दल तोवर कुणी विचारलं नव्हतं.

मदत मागणं हा गुन्हा नाही. तुम्हाला आत्ता करता येईल ते असं:

- रडणाऱ्या बाळाला कधीही हलवू-आपटू नका. बाळाची मान कच्ची असते. काही सेकंदांच्या झटक्यांनी मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. बाळाचं रडणं साधारण दुसऱ्या महिन्यात सर्वांत जास्त असतं आणि चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत उतरतं. तुमचं काही चुकतंय म्हणून ते रडतं असं नाही.
- राग अनावर होतोय असं वाटलं की बाळाला पाठीवर सुरक्षित निजवा, खोलीबाहेर या, पाणी प्या, दहा मिनिटं थांबा आणि कुणाला तरी फोन करा. दहा मिनिटं रडल्याने बाळाला इजा होत नाही.
- थोरल्या मुलासाठी घरातले दोन-तीनच नियम ठरवा. मोडला तर काय होणार ते आधी सांगा. टीव्ही बंद म्हणजे बंद, पण जेवण आणि माया कधीच बंद नाही. चांगलं वागला तर ते त्याच क्षणी बोलून दाखवा.
- बाळंतपणानंतर सतत रडू येणं, बाळ नकोसं वाटणं, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटणं हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत. 'टेली मानस' १४४१६ वर मराठीतही मोफत बोलता येतं. आशाताई बाळाच्या पहिल्या ४२ दिवसांत अनेकदा घरी येतात आणि पुढे १५ महिन्यांपर्यंत दर तीन महिन्यांनी. बाळाचं वजन झालं की त्यांना स्वतःबद्दलही सांगा.
- घरात दारू असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हे काम करतं. घरचं माणूस उपचाराला तयार नसलं तरी आपण काय करावं, हे विचारायला फोन करता येतो.
- तुम्हाला मारहाण होत असेल तर १८१ वर फोन करा. तालुक्याचे संरक्षण अधिकारी आणि सखी वन स्टॉप सेंटर मदत करतात. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली न्यायालय तुम्हाला आणि मुलाला संरक्षण देऊ शकतं, मुलाचा तात्पुरता ताबाही देऊ शकतं.

घराला आधार देणाऱ्या योजना

- क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना: अनाथ, एकल पालक असलेली, आई-वडील गंभीर आजारी किंवा तुरुंगात असलेली मुलं अशांसाठी. मुलाला दरमहा २,२५० रुपये मिळतात आणि मूल घरच्या माणसांतच राहतं.
- मिशन वात्सल्यचं प्रायोजकत्व: दरमहा ४,००० रुपये. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० आणि शहरात ९६,००० रुपये.
- मनोधैर्य योजना: बलात्कार, लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांसाठी राज्याचं अर्थसाहाय्य. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत मिळतं.
- अंगणवाडी: आहार, लसीकरणाची आठवण, आणि रोज काही तास मूल सुरक्षित हातांत.

पहिल्या दोन योजनांसाठी जिल्हा महिला व बालविकास अधिकारी किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात अर्ज करा. सोबत साधारणपणे मुलाचं आणि पालकाचं आधार, शिधापत्रिका, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाईड, बँकेचं पासबुक, आणि लागू असेल तिथे मृत्यूचा दाखला किंवा आजारपणाची कागदपत्रं लागतात. अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. दलालाला एक रुपयाही देऊ नका.

नेहमी होणाऱ्या चुका

- फोटो किंवा चित्रफीत गटांवर टाकणं. मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. हेतू चांगला असला तरी तो फोटो त्या मुलाचा आयुष्यभर पाठलाग करतो.
- जमावाने घरात घुसणं. मूल घाबरतं, खटला कमकुवत होतो.
- एकदा फोन करून विसरणं. नोंदीचा क्रमांक घ्या, चार दिवसांनी पुन्हा विचारा.
- मुलाला गुपचूप आपल्या घरी ठेवून घेणं. एका रात्रीचा आसरा द्यावा लागला तरी १०९८ ला किंवा पोलिसांना लगेच कळवा.
- 'सांभाळता येत नाही' म्हणून बाळ परस्पर कुणाला देणं. खरोखर अशी वेळ आली तर बालकल्याण समितीपुढे रीतसर सोपवता येतं आणि फेरविचाराला दोन महिने मिळतात.
- मोठ्या घरांकडे काणाडोळा. बंगल्यात आणि सोसायटीतही मुलं मार खातात. तिथल्या भिंती जाड असतात एवढंच.

तुमचे आणि मुलाचे हक्क

- मुलांना आणि महिलांना सरकारी विधी सेवेतून मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी. क्रमांक १५१००.
- तक्रार नोंदवल्यावर प्राथमिक माहिती अहवालाची प्रत मोफत मिळते. गुन्हा दुसऱ्या हद्दीतला असला तरी कोणत्याही ठाण्याला नोंद घ्यावी लागते.
- आई-वडिलांना समितीपुढे आपली बाजू मांडता येते. समितीचा आदेश पटला नाही तर ३० दिवसांत अपील करता येतं. मुदत चुकू नये म्हणून वकिलाला लगेच भेटा.
- आपल्याबद्दल निर्णय होत असताना ऐकून घेतलं जाण्याचा हक्क मुलालाही आहे. 'लहान आहे, त्याला काय कळतं' असं कुणी म्हणालं तर हे सांगा.
- पॉक्सो खटल्यात न्यायालय मुलाला नुकसानभरपाई देऊ शकतं. निकालाआधी अंतरिम रकमेसाठीही अर्ज करता येतो.

आजच करा

एका कागदावर हे क्रमांक लिहा आणि स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा: मुलांसाठी १०९८, तातडीसाठी ११२, महिलांसाठी १८१, मनाच्या त्रासासाठी १४४१६, वकिलासाठी १५१००. त्याखाली तुमच्या अंगणवाडी सेविकेचा आणि आशाताईंचा क्रमांक. घरातल्या मुलांना १०९८ तोंडपाठ करून घ्या. हा फोन मूल स्वतःही करू शकतं, हेही त्यांना सांगा.

त्या स्वेटरवाल्या मुलाला कुणी घरातून नेलं नाही. धाकटी अंगणवाडीच्या यादीत आली, आईच्या बाजूने संरक्षण अधिकारी उभ्या राहिल्या, वडील उपचाराला गेले, घराला प्रायोजकत्वाची रक्कम सुरू झाली. वर्षभर कुणी ना कुणी त्या दारात जात राहिलं. मार थांबला. पण ती शिक्षिका आजही एक गोष्ट सांगते. स्वेटर पहिल्यांदा दिसला आणि तिने फोन केला, या दोहोंच्या मध्ये दोन आठवडे गेले होते. आपल्यामुळे घर मोडेल या भीतीने ती थांबली होती, आणि त्या दोन आठवड्यांत मुलाचा हात मोडला. तुमच्या मनात आत्ता एखाद्या मुलाचा चेहरा आला असेल, तर ते दोन आठवडे त्याच्या वाट्याला येऊ देऊ नका.